वाचकांचे प्रश्न: मांजराचं पोट आणि घरचा औषधी बटवा

प्रश्न: आमचा तीन वर्षांचा बोका कालपासून वाळूच्या ट्रेमध्ये बसून कुंथतोय, पण होत काहीच नाही. घरचे म्हणतात थोडं एरंडेल पाजा. पाजावं का?

उत्तर: नाही. आणि आधी त्याला शू होतेय का ते बघा. बोक्याची लघवी तुंबली की तो अगदी बद्धकोष्ठ असल्यासारखाच कुंथतो आणि घरचे पोटाचं औषध शोधत बसतात. ट्रेमधल्या वाळूत ओले गोळे नसतील, बोका सारखा शिश्न चाटत असेल, ओरडत असेल, तर पोट दाबून पाहू नका, थेट डॉक्टरांकडे न्या. रक्तातलं पोटॅशियम वाढून एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं.

शू नीट होतेय, बोका खातोय, ओकत नाही आणि फक्त शी कोरडी, खड्यांसारखी आहे, तर इसबगोल चालतं. साधं, बिनासाखरेचं, बिनावासाचं घ्या. संत्र्याच्या चवीचं नको. चार किलोच्या मांजराला दिवसातून एकदा पाव छोटा चमचा. तो तीन-चार चमचे कोमट पाण्यात दहा मिनिटं फुगू द्या आणि मग चिकनच्या पाण्यात किंवा ओल्या खाण्यात कालवा. कोरडी भुकटी खाण्यावर भुरभुरली तर ती आतलंच पाणी शोषते आणि खडा आणखी घट्ट होतो. इतर गोळ्या चालू असतील तर दोन तासांचं अंतर ठेवा. इसबगोल नको असेल तर उकडलेला लाल भोपळा एक चमचा, तोही मीठ-फोडणीशिवाय. दोन दिवसांत फरक पडला नाही, तर मात्रा वाढवत बसू नका.

एरंडेल किंवा लिक्विड पॅराफिन तोंडात ओतलं की ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका असतो. माणसांचा फॉस्फेटचा एनिमा तर मांजराचा जीव घेऊ शकतो.

प्रश्न: जुलाब होतात तेव्हा कुटजारिष्ट, ओव्याचा अर्क किंवा बाळांना लावतात तसा बेंबीला हिंगाचा लेप चालेल का? सगळं नैसर्गिकच आहे ना?

उत्तर: नैसर्गिक आहे, पण मांजराच्या यकृताला त्याचं काय! ओव्यातल्या थायमॉलसारख्या फिनॉल गटातल्या द्रव्यांना आपलं यकृत ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडून बाहेर टाकतं. मांजरात हे काम करणाऱ्या एका महत्त्वाच्या विकराचं (एन्झाइमचं) जनुकच निकामी असल्यामुळे द्रव्य अंगात साठत जातं. म्हणून ओवा, पुदिन्याचं तेल, निलगिरी, लवंग यांचे अर्क नकोत. अरिष्ट-आसवांत आंबवल्यामुळे अल्कोहोल असतं, तेही नको. लेपाचं म्हणाल, तर मांजर तो चाटून साफ करतं, म्हणजे बेंबीला लावलेलं पोटातच जातं. लसूण आणि कांदा कुठल्याही रूपात नाही: त्यानं तांबड्या पेशी फुटतात. ‘पाचक’ चूर्णांतही लसूण असू शकतो, लेबल वाचा. कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक स्वतःच जुलाब करतो.

मोठं मांजर खेळतंय, खातंय आणि शी फक्त पातळ आहे, तर एक-दोन दिवस बिनहाडाचं, बिनमिठाचं उकडलेलं चिकन थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा द्या. त्यात एक चमचा भोपळा. दूध बंद. उपाशी ठेवू नका: लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साठून ते आजारी पडतं. पिल्लाच्या जुलाबाला मात्र एक दिवसही थांबू नये, त्यातून लस झालेली नसेल तर नाहीच. शीमध्ये रक्त, सततची उलटी, मानेवर चिमटीत उचलून सोडलेली कातडी सावकाश खाली बसणं: लगेच दवाखाना.

प्रश्न: मांजर गवत खाऊन ओकतं. थांबवावं का?

उत्तर: नको. कुंडीत फवारणी न केलेले गहू पेरा, पाती बोटभर झाल्या की ठेवा. घरात लिली असेल तर ती मात्र काढा, तिचे परागकण चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होतात. केसांचे गोळे वरचेवर पडत असतील तर औषधापेक्षा रोजचा कंगवा कामाचा. आणि तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला, तर ओढू नका, आतडं चिरतं. बाहेरचं टोक तसंच ठेवून डॉक्टरांकडे घेऊन जा.