मोबाइलला जोडलेला पेनड्राइव्ह कधी आणि कसा काढावा : वाचकांच्या शंका

मोबाइलमधील माहिती बाहेरच्या साधनावर उतरवण्याविषयी गेल्या अंकात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच ठिकाणी होता : जोडणे सोपे आहे, पण काढायचे कसे? त्यांपैकी निवडक शंकांना येथे उत्तरे दिली आहेत. पहिले उत्तर जाणीवपूर्वक विस्ताराने दिले आहे, कारण पुढच्या बऱ्याच शंकांचे मूळ त्यातच आहे.

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण मी मोबाइलवर केले होते. जागा भरत आल्यामुळे ते सर्व व्हिडिओ ओटीजी ॲडॉप्टर (मोबाइलला पेनड्राइव्ह जोडणारा छोटा जोड) लावून 64 जीबीच्या पेनड्राइव्हवर ‘मूव्ह’ केले आणि काम पूर्ण झाल्याचा संदेश येताच पेनड्राइव्ह काढून घेतला. घरी संगणकाला लावल्यावर शेवटच्या सात फायली शून्य केबी दिसतात आणि ड्राइव्ह तपासून दुरुस्त करण्याची सूचना येते. मोबाइलमध्येही त्या आता नाहीत. माझे काय चुकले?
— एक शिक्षिका, कराड

उत्तर : चूक आपली थोडी आणि स्क्रीनवरच्या त्या संदेशाची अधिक. ‘काम पूर्ण झाले’ याचा अर्थ फाइल मॅनेजरने आपल्याकडचा सगळा मजकूर मोबाइलच्या यंत्रणेच्या हवाली केला, एवढाच असतो. तो पेनड्राइव्हच्या चिपवर उतरला, असा त्याचा अर्थ नसतो.

पेढीवरचा जुना दिवाणजी दिवसभराचे व्यवहार आधी कच्च्या वहीत टिपून ठेवतो आणि गिऱ्हाइकांची गर्दी ओसरली की पक्क्या वहीत चढवतो. मोबाइलही तसेच करतो. पेनड्राइव्हवर लिहिणे संथ असते आणि मोबाइलची रॅम, म्हणजे तात्पुरती मेमरी, फार वेगवान असते, म्हणून फाइल आधी रॅममध्ये घेतली जाते आणि तेथून सवडीने ड्राइव्हवर पाठवली जाते. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स कर्नल हा यंत्रणेचा गाभा आहे आणि त्याच्या मूळ मांडणीत अशी कच्ची नोंद सुमारे 30 सेकंद पडून राहू शकते. त्यानंतर ती लिहायला घेतली जाते. समजा, 400 एमबी अजून रॅममध्येच आहेत आणि आपला स्वस्तातला पेनड्राइव्ह सेकंदाला 8 एमबी लिहितो आहे, तर नुसत्या लिहिण्यालाच 50 सेकंद लागतील. आपण तेवढ्यात तो काढला, म्हणजे कच्ची वही तशीच राहिली आणि पक्की वही कोणीतरी उचलून नेली.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. पेनड्राइव्ह बहुधा फॅट32 किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो. या पद्धतींमध्ये कोणती फाइल कोठे सुरू होते आणि तिचे तुकडे कोठे कोठे आहेत, याचा एक तक्ता ड्राइव्हवरच ठेवलेला असतो. अर्धवट राहिलेला बदल मागाहून निस्तरता यावा म्हणून आधुनिक फाइल पद्धतींत बदलांची वेगळी रोजनिशी असते. फॅट32 आणि एक्सफॅट यांत ती नाही. त्यामुळे फाइलचे नाव लिहून झाले, पण तिची लांबी आणि तुकड्यांचा पत्ता लिहायचा राहिला, तर नाव दिसते आणि आकार शून्य दिसतो. आपल्या सात फायलींचे बहुधा हेच झाले आहे. संगणकाने दाखवलेली सूचनाही याच कारणाने आली : ड्राइव्ह जोडला की त्यावर ‘वापरात आहे’ अशी खूण केली जाते, आणि रीतसर काढताना ती पुसली जाते. खूण पुसायची राहून गेली की पुढचे यंत्र शंका घेते.

‘इजेक्ट’ किंवा ‘अनमाउंट’ हा पर्याय निवडला की मोबाइल उरलेला सगळा मजकूर ड्राइव्हवर उतरवतो, तक्ता पुरा करतो, खूण पुसतो आणि मगच ड्राइव्ह सोडतो. म्हणून मोठ्या फायलींनंतर इजेक्टला वीस-तीस सेकंद लागले तर मोबाइल अडकला असे समजू नये. त्या वेळी कच्ची वही पक्की होत असते.

मात्र माझ्या मते आपले खरे नुकसान इजेक्ट न केल्याने झाले नाही. ते ‘मूव्ह’ निवडल्याने झाले. आपण ‘कॉपी’ केले असते तर मोबाइलमध्ये मूळ प्रत राहिली असती आणि हे पत्र लिहिण्याची वेळच आली नसती. यापुढे कॉपी करावी, इजेक्ट करावे, पेनड्राइव्ह पुन्हा जोडावा आणि शेवटचा व्हिडिओ थेट ड्राइव्हवरून मध्यापर्यंत चालवून पाहावा. तो चालला, तरच मोबाइलमधली प्रत पुसावी. पुन्हा जोडण्याचा खटाटोप अशासाठी की पहिल्या जोडणीतच फाइल उघडली तर मोबाइल ती रॅममधून दाखवू शकतो आणि आपली खोटी खात्री होते.

आता गेलेल्या फायलींविषयी. त्या पेनड्राइव्हवर यापुढे काहीही लिहू नये आणि फॉरमॅट करण्याचा प्रस्ताव आला तर नाकारावा. तपासणी करून घेण्याचीही घाई करू नये, कारण विंडोजची दुरुस्ती सुटे तुकडे ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘सीएचके’ अशा शेपटाच्या फायलींत गोळा करते आणि मूळ मांडणी बदलते. आधी फोटोरेक या मोफत साधनाने ड्राइव्ह वाचून पाहावा. सापडलेल्या फायली मात्र संगणकावर उतरवाव्यात, त्याच ड्राइव्हवर नव्हे. मोबाइलच्या अंतर्गत मेमरीतून पुसलेल्या फायली परत मिळण्याची आशा फार कमी असते, कारण ती मेमरी कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, असते. गूगल फोटोजचा बॅकअप चालू असेल तर तेथे जरूर पाहावे.

प्रश्न : आमच्या मोबाइलमध्ये इजेक्टचे बटणच सापडत नाही. एकदा सापडले, तर ड्राइव्ह वापरात असल्याचे सांगून नकार मिळाला. अशा वेळी काय करावे?
— एक वाचक, परभणी

उत्तर : पेनड्राइव्ह जोडलेला असताना स्क्रीन वरून खाली ओढावी. बहुतेक अँड्रॉइड मोबाइलमध्ये ड्राइव्हच्या नावाची एक सूचना तेथे असते आणि ती थोडी खाली ओढून उलगडली की तिच्याखाली इजेक्टचा पर्याय दिसतो. ती सूचना चुकून झटकली गेली असेल, तर सेटिंग्जमधील ‘स्टोरेज’ या भागात ड्राइव्हच्या नावासमोर त्रिकोण आणि त्याखाली आडवी रेघ असे चिन्ह असते, ते दाबावे. सॅमसंगच्या मोबाइलमध्ये ‘माय फाइल्स’ या ॲपमधूनही अनमाउंट करता येते.

नकार मिळण्याचे कारण बहुधा क्षुल्लक असते. ड्राइव्हवरचा एखादा व्हिडिओ मागे अर्धवट उघडा राहिलेला असतो, किंवा गॅलरी त्यावरच्या छायाचित्रांची छोटी चित्रे तयार करत बसलेली असते. चालू ॲप बंद करावीत, अर्धा मिनिट थांबावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. तरीही जमले नाही तर मोबाइल रीतसर बंद करावा. बंद होताना तो सगळे ड्राइव्ह स्वतःच सोडतो, म्हणून पडदा पूर्ण काळा झाल्यावर पेनड्राइव्ह निर्धास्त काढता येतो. हा उपाय ओबडधोबड वाटेल, पण मी स्वतः तो अनेकदा वापरला आहे.

ओप्पो, व्हिवो, रिअलमी आणि वनप्लस यांच्या अनेक मोबाइलमध्ये सेटिंग्जमध्ये ‘ओटीजी कनेक्शन’ अशी वेगळी कळ असते आणि सुमारे 10 मिनिटे वापर झाला नाही की ती आपोआप बंद होते. म्हणून ड्राइव्ह जोडून ठेवून चहाला जाऊ नये. काम झाले की लगेच इजेक्ट करावे.

आणखी एक बाब कोणी विचारली नाही, तरी सांगतो. एकदा एसटीच्या प्रवासात मी तासाभराच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण ड्राइव्हवर उतरवत होतो. मोबाइल मांडीवर आणि पेनड्राइव्ह खाली लोंबकळत. पहिल्याच खड्ड्यात संपर्क तुटला आणि फाइल अर्धी राहिली. घरी येऊन पाहिले तर टाइप-सीच्या खाचेच्या तळाशी खिशातल्या कापसाचा घट्ट थर बसला होता, त्यामुळे प्लग पुरता आत जातच नव्हता. मोबाइल बंद करून लाकडी टूथपिकने तो हलक्या हाताने काढला. नखाएवढी करडी गोळी निघाली. धातूची सुई मात्र खाचेत कधीही घालू नये.

प्रश्न : विंडोजमध्ये आता ‘सेफली रिमूव्ह’ करण्याची गरज उरलेली नाही, असे वाचले. मग मोबाइललाच ही सोवळेओवळे कशाला?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : आपण वाचले ते अर्धे खरे आहे. विंडोज 10 च्या 2018 मधील 1809 या आवृत्तीपासून बाहेरच्या ड्राइव्हसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हे धोरण आपोआप लागू झाले. त्यात ड्राइव्हवर लिहायचा मजकूर रॅममध्ये राखून ठेवला जात नाही. मात्र लिहिणे चालू असताना ड्राइव्ह काढल्यास नुकसान तेथेही होतेच. शिवाय हा निर्णय विंडोजचा आहे. आपल्या मोबाइलवर तो बंधनकारक नाही.

प्रश्न : आयफोनला एसएसडी (फिरती तबकडी नसलेला ड्राइव्ह) जोडते, पण फाइल्स ॲपमध्ये इजेक्टचे बटण कोठेही दिसत नाही.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आयफोनवर बाहेरचे ड्राइव्ह वापरण्याची सोय 2019 मधील आयओएस 13 पासून आली आणि तेव्हा इजेक्टचे बटण दिलेच गेले नाही, कॉपी पूर्ण झाली की ड्राइव्ह काढावा, अशीच ती रचना होती. म्हणून येथे शिस्त आपणच पाळायची. कॉपीची प्रगती दाखवणारे चिन्ह नाहीसे झाल्यावर ड्राइव्हवरचा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वाट पाहावी. दिवा नसेल तर अर्धा-एक मिनिट थांबावे, फाइल्स ॲप बंद करावे आणि मग ड्राइव्ह काढावा. पुन्हा जोडून शेवटची फाइल उघडून पाहण्याचा जो सल्ला वर दिला आहे, तो आयफोनधारकांनी अधिकच कसोशीने पाळावा. मोठे व्हिडिओ असतील तर ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीचा असणे सोयीचे, कारण फॅट32 वर 4 जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाइल बसत नाही.

प्रश्न : मोबाइलमधले मेमरी कार्ड काढून दुसऱ्या मोबाइलमध्ये घातले, तर तो ते फॉरमॅट करायला सांगतो. कार्ड तर चांगले आहे.
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : फॉरमॅट करू नये. कार्ड पहिल्या मोबाइलमध्ये परत घालावे. 2015 च्या अँड्रॉइड 6 पासून काही मोबाइलमध्ये कार्ड ‘अंतर्गत स्टोरेज’ म्हणून वापरण्याची सोय आहे. तशी निवड केली की कार्ड कूटबद्ध होते आणि त्याची किल्ली त्याच मोबाइलमध्ये राहते. दुसऱ्या यंत्राला ते कोरे किंवा बिघडलेले वाटते. असे कार्ड इतर कार्डांसारखे काढायचे नसते, कारण काही ॲपही त्यावर असू शकतात. आधी सेटिंग्जमधून त्यावरची माहिती मोबाइलच्या मेमरीत हलवावी आणि मग कार्ड पुन्हा ‘पोर्टेबल’ म्हणून फॉरमॅट करून काढावे. आणि ही माहिती हलवण्यापूर्वी मोबाइल फॅक्टरी रीसेट करू नये. किल्ली गेली की कार्डावरचे काहीही परत मिळत नाही.

प्रश्न : लग्नसमारंभांची छायाचित्रे थेट मोबाइलवरून 1 टीबीच्या हार्ड डिस्कवर घेतो. कधी डिस्क टकटक आवाज करते आणि आपोआप निघून गेल्याचे मोबाइल सांगतो. आपण काढलीच नाही, तर निघते कशी?
— एक छायाचित्रकार, कोल्हापूर

उत्तर : आपण काढली नाही, तिला वीज पुरली नाही. हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी असते आणि ती फिरू लागताना विजेची मागणी सर्वाधिक असते. यूएसबी 2 च्या मानकानुसार 500 मिलिअँपिअर आणि यूएसबी 3 च्या मानकानुसार 900 मिलिअँपिअर वीज मिळायला हवी, पण बॅटरी उतरलेला मोबाइल हात आखडता घेतो. तबकडी वेग घेते, वीज कमी पडते, वाचणारे टोक मागे सरकते, पुन्हा प्रयत्न होतो. ती टकटक बहुधा याचीच. लिहिण्याच्या मध्येच असे झाले तर ते ड्राइव्ह हिसकावून घेण्यासारखेच आहे. स्वतंत्र वीज देणारा यूएसबी हब मध्ये लावावा किंवा एसएसडी घ्यावी. हबवरही टकटक थांबली नाही तर डिस्कच खराब होत आहे असे समजून आधी तिची दुसरी प्रत करावी.

आणि इजेक्ट केल्यावर डिस्क लगेच उचलू नये. तिच्यावर तळहात ठेवावा. बारीक थरथर मंदावत जाते आणि काही सेकंदांत थांबते. ती थांबल्यावर केबल काढावी.

प्रश्न : मोबाइल केबलने संगणकाला जोडला, तर तोही इजेक्ट करायचा का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही. ‘फाइल ट्रान्सफर’ निवडल्यावर जी एमटीपी पद्धत वापरली जाते, तीत मेमरीचा ताबा मोबाइलकडेच राहतो आणि संगणक फक्त फायली मागतो किंवा देतो. चालू कॉपी पूर्ण होऊ द्यावी, एवढे पुरे. फार जुन्या अँड्रॉइड मोबाइलमध्ये मेमरी कार्ड थेट संगणकाच्या ताब्यात जात असे. तेथे मात्र संगणकावरून इजेक्ट करावेच लागते.

प्रश्न : मी दर वेळी न चुकता इजेक्ट करतो, तरीही 512 जीबीच्या पेनड्राइव्हवरची भजने मधेच बंद पडतात आणि नवे काही घातले की जुने बिघडते.
— एक भजनी मंडळ, सातारा

उत्तर : येथे इजेक्टचा दोष नसावा. लक्षणे खोट्या क्षमतेच्या ड्राइव्हची आहेत. आत 16 किंवा 32 जीबीची चिप असते आणि तिला 512 जीबी सांगायला शिकवलेले असते. खरी जागा संपली की नवा मजकूर जुन्यावर चढतो किंवा हवेत विरतो. भजने आधी संगणकावर उतरवून घ्यावीत आणि मग विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ3 या मोफत साधनाने पूर्ण ड्राइव्ह भरून तपासावा. पूर्ण क्षमतेची तपासणी संथ ड्राइव्हवर कित्येक तास चालते, म्हणून ती रात्री लावून ठेवावी. क्षमता खोटी निघाली तर तपासणीच्या निकालाचे छायाचित्र आणि पावती घेऊन दुकानदाराकडे जावे.