वाचक विचारतात: कुत्र्याचा क्रेट (झोपायचा, दार असलेला पिंजरा) केवढा घ्यावा, दार कधी लावावं?

अडीच महिन्यांचं लॅब्राडोरचं पिल्लू आणलंय. दुकानदार म्हणतो, आत्ता २४ इंची क्रेट घ्या, पुढे बदला. बहीण म्हणते, एकदाच ४८ इंची घेऊन टाक. आजी म्हणतात, मुळात पिंजरा हवाच कशाला? (ठाणे)

तारेचा ४२ इंची क्रेट घ्या, पण आत सरकवायची डिव्हायडरची जाळी मिळत असेल तोच. वाढलेल्या लॅब्राडोरला ४२ इंच बहुधा पुरतात. नर फारच दांडगा निघाला तर ४८ लागतील. आत्ताच मोठा क्रेट पूर्ण मोकळा दिलात, तर पिल्लू एका कोपऱ्यात झोपेल आणि दुसऱ्यात शू करेल. झोपायची जागा ओली करायची नाही, ही त्याची उपजत सवयच शी-शूच्या शिकवणीत कामी येते. उभं राहता येईल, वळता येईल, कुशीवर पाय ताणून झोपता येईल, एवढीच जागा ठेवा आणि दर दोन-तीन आठवड्यांनी जाळी मागे सरकवा.

वाढ झालेल्या कुत्र्यासाठी जातीच्या नावापेक्षा टेपवर विसंबा. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीत ४ इंच मिळवा. बसल्यावर जमिनीपासून डोक्यापर्यंतच्या उंचीत ३ इंच. देशी कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांना ३६ इंची बसतो.

दुकानात तार अंगठ्याने दाबून बघा. वाकली तर ठेवून द्या. एका दाराला दोन कड्या हव्यात. फ्लॅटमध्ये क्रेट भिंतीला लावून ठेवायचा असेल, तर बाजूलाही दार असलेला सोयीचा. तळाचा ट्रे बाहेर सरकायलाच हवा. वेल्डिंगच्या सांध्यांवर पावडर कोटिंगचे टवके उडाले असतील, तर गंज तिथूनच धरतो, समुद्राकाठी तर लवकरच. कापडी क्रेट पिल्लाला नको, ते फाडणार. प्लास्टिकचा बंदिस्त क्रेट प्रवासाला ठीक, पण मे महिन्यात आत हवा खेळत नाही.

आजींची शंका रास्त आहे. शिक्षा म्हणून किंवा दिवसभर कोंडायला वापरला, तर तो पिंजराच.

पिल्लाला आत ठेवून दार लावलं की पाच मिनिटांत आकांत. रात्री तर शेजारी उठतात. (नाशिक)

दार फार लवकर लागलंय. पहिले दोन-तीन दिवस ते उघडं ठेवून सुतळीने बाहेरच्या बाजूला बांधूनच टाका. एकदा अंगावर आपटलं की पिल्लू आठवडाभर आत पाय ठेवत नाही. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे शेंगदाण्याएवढे तुकडे आत टाका. त्याने आत जावं, खावं, बाहेर यावं. ढकलायचं नाही. मग रोजचं जेवण आतच, वाटी अगदी मागच्या टोकाला.

बिनधास्त जेवू लागलं की जेवताना दार लोटा आणि वाटी संपण्याआधी उघडा. मग जेवणानंतर अर्धा मिनिट, एक, तीन, पाच. वेळ सरळ चढती ठेवू नका. आठ मिनिटांनंतर पुन्हा दोन असं चालू द्या. त्यानंतर खोलीबाहेर जायला सुरुवात. गडबड बहुतेक घरांत इथेच होते: शेजारी बसून पाच मिनिटं जमली की माणसं थेट दोन तास बाजारात जातात. तुम्ही नजरेआड असताना अर्धा तास शांत राहिलं, तरच घराबाहेर पडा.

रात्री क्रेट पलंगाशेजारी. ‘रडून रडून गप्प होईल’ हा सल्ला ऐकू नका. रडलं तर पट्टा लावून बाहेर न्या, दिवा नको, लाड नको, शू झाली की परत आत. वय जितके महिने त्यात एक मिळवा. तेवढे तास ही लघवी धरण्याची ढोबळ कमाल मर्यादा. वय वाढलं, तरी दिवसा सलग चार तासांपुढे जाऊ नका.

आत शू झाली. फिनेलने पुसलं, तरी पुन्हा तिथेच करतो. (रत्नागिरी)

फिनेलचा वास तुम्हाला येतो. त्याखालचा लघवीचा वास त्याला येतोच. शिवाय फिनेल चाटलं गेलं तर कुत्र्याला घातक. एन्झाइमवालं (लघवीचा वास मुळातून मोडणारं) क्लीनर वापरा, गादी धुऊन उन्हात टाका. काही दिवस गादी काढूनच ठेवा, कारण लघवी शोषली गेली की पिल्लाला ओलं लागतच नाही. इतकं करूनही थोडी-थोडी, वारंवार होत असेल तर लघवीची तपासणी करा.

तीन वर्षांची दत्तक कुत्री आम्ही बाहेर पडलो की क्रेटच्या तारा चावते. दात तुटलाय, नखांतून रक्त येतं. आणखी मजबूत क्रेट घ्यावा का? (कोल्हापूर)

नाही. दार लावणं आजपासून बंद. ही भीतीची झटापट आहे. मजबूत क्रेटमध्ये दात जास्त तुटतील एवढंच. तुटलेला दात आधी पशुवैद्यांना दाखवा. मग तिला खोलीत मोकळं ठेवून, मोबाइलवर चित्रीकरण लावून, दहा मिनिटं बाहेर थांबा. निवांत झोपली, तर भीती क्रेटची आहे. धापा, लाळ, दाराशी येरझाऱ्या, चिकनलाही तोंड न लावणं असं दिसलं, तर ती एकटेपणाला घाबरते आणि क्रेटच्या शिकवणीने ते बरं होत नाही. तेच चित्रीकरण पशुवैद्यांना दाखवा. काही कुत्र्यांना काही काळ औषध लागतं. तोवर तिला एकटं न सोडण्याची सोय बघा.

क्रेटवर चादर टाकावी का? आत पट्टा असू द्यावा का? (पुणे)

थंडीत तीन बाजूंनी सुती चादर चालेल. उन्हाळ्यात नको, आणि बाल्कनीत क्रेट तर मुळीच नको. गळ्यातला पट्टा आणि हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) प्रत्येक वेळी काढा. तारेत अडकला तर फास बसतो.