पहिली मसल कार घेतोयस? आधी खाली झोपून बघ

मसल कार, म्हणजे दणदणीत इंजिनाची जुनी अमेरिकन गाडी घेतोयस, अभिनंदन रे, पण पैसे द्यायच्या आधी जरा दम धर. नवीन माणूस व्ही-८ चा, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाचा, आवाज ऐकतो आणि तिथेच विरघळतो. इंजिन काय, कधीही खोलता येतं, सडलेला पत्रा मात्र खिसा पार रिकामा करतो. जुने कपडे घालून जा, गाडीखाली झोप, चेसिस बघ, डिकीतलं मॅट उचल, मागच्या काचेची खालची कड बघ, आणि व्हिनाइलचं छप्पर असेल तर डबल संशय घे कारण पाणी त्याखालीच मुरतं. खिशात छोटं चुंबक ठेव, मागच्या चाकावरच्या पत्र्याला ते चिकटलं नाही की समजायचं आत लांबी (पुट्टी) थापलीय.

दुसरं, नकली गाड्या, म्हणजे साध्या मॉडेलला भारी मॉडेलचं रूप दिलेल्या. पाँटियाक जीटीओ म्हणशील तर १९६६ ते ७१ चा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) २४२ ने सुरू व्हायला हवा. १९६४-६५ ला जीटीओ हे साध्या मॉडेलवर जादा घ्यायचं नुसतं ऑप्शन पॅकेज होतं, नंबरवरून काही कळत नाही, सरळ कागद माग.

घेतल्यावर:
- आधी ब्रेक. चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक असतील तर दोन-तीनदा जोरात दाबले की तापून ढिले पडतात.
- टायरची नक्षी नको, बनवल्याची तारीख बघ.
- पाव मैलाच्या ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्ट्यावर) पहिल्यांदा नुसतं बघायला जा.

कॅम, कार्ब्युरेटर, गिअर रेशो असले वेग वाढवायचे बदल आत्ता डोक्यातसुद्धा आणू नकोस. गाडीचे फोटो टाक, खालून काढलेले, चकचकीत बॉनेटचे नकोत.