भिशीचे पैसे चेकअपच्या पॅकेजमध्ये घालू का?

प्रश्न: मी पुण्यात धायरीला राहते, वय 46. तीन घरी स्वयंपाकाला जाते, मिस्टर (51) रिक्षा चालवतात. दोघांचे मिळून महिन्याला 27,000 च्या आसपास येतात. मोठ्या दिरांना गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. त्यांना बीपी आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. आता एका लॅबचे सारखे फोन येतात: 'फुल बॉडी चेकअप', 85 टेस्ट, जोडप्याला 5,998 रुपये, हप्त्यानेही चालेल, वर टॅक्स वाचेल. या महिन्यात भिशीचे 15,000 हातात येणार आहेत. घेऊन टाकू का? मिस्टरांना तंबाखूची सवय आहे. सासूबाई (73) आमच्याकडेच असतात.

उत्तर: ताई, तपासणी कराच, पण हे पॅकेज घेऊ नका.

टॅक्सचं आधी सांगते. प्रतिबंधात्मक तपासणीवर आयकरात 5,000 रुपयांपर्यंत वजावट मिळते, तीही जुन्या करप्रणालीत. तुमच्या दोघांच्या कमाईवर मुळात करच बसत नाही, मग वाचणार काय?

आता त्या 85 टेस्ट. रक्ताच्या एका सीबीसीतच (रक्तपेशींच्या मोजणीत) वीसेक आकडे येतात आणि जाहिरातीत प्रत्येक आकडा वेगळी टेस्ट म्हणून मोजला जातो. लिव्हर आणि कोलेस्टेरॉलचंही तेच. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा तुमच्या मिस्टरांच्या तोंडात डोकावणार नाही. तंबाखू खाणाऱ्या माणसाचं तोंड बघायला बॅटरी आणि जाणकार डोळे लागतात. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारा फोड, तोंड पूर्ण न उघडणं, हे रक्तातून कळत नाही. तुमची स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणीही रक्तातून होत नाही. काही पॅकेजमध्ये कॅन्सरचे 'मार्कर', म्हणजे रक्तात शोधायच्या खुणा, घालतात. धडधाकट माणसात ते उगाच वाढलेले निघाले की स्कॅनच्या खर्चाला सुरुवात होते.

तुम्हाला ज्याची खरी गरज आहे ते सरकारी केंद्रात फुकट होतं. तिशीपुढच्या प्रत्येकाची बीपी, शुगर, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख अशी पाच तपासण्यांची राष्ट्रीय योजना आहे. बीपी-शुगर वर्षातून एकदा बघायची, कॅन्सरच्या तिन्ही तपासण्या साधारण दर 5 वर्षांनी. मिस्टरांच्या तोंडाच्या बाबतीत मात्र मी 5 वर्षं थांबणार नाही, दरवर्षी दाखवा. सुरुवात महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यापासून करा. गर्भाशयमुखाची तपासणी तिथे होत नसेल तर मंगळवार पेठेतलं कमला नेहरू रुग्णालय किंवा ससून आहे. गर्दी असते, हे मी लपवणार नाही.

आणि फुकट म्हटलं तरी ते तुम्हाला फुकट पडत नाही. तुमचा एक खाडा, मिस्टरांचा अर्धा दिवस, कदाचित पुन्हा एक फेरी, असे हजार-बाराशे धरा. म्हणून दोघांनी एकाच सकाळी, उपाशीपोटी जा. तुमच्या तिन्ही घरी आठवडाभर आधी सांगून ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या बायकांची तपासणी पैशांपेक्षा या खाड्यापायीच जास्त राहून जाते.

भिशीतले 6,000 बाजूला काढा, पण ते तपासणीनंतरसाठी. बीपी निघालं तर गोळी रोज घ्यावी लागते आणि ती मध्येच थांबवायची नसते. सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळतात. एखादवेळी संपल्या तर जनऔषधी केंद्रात बीपी-शुगरच्या साध्या गोळ्यांची दहाची पट्टी काही रुपयांत येते. डॉक्टरांनी एखादी जास्तीची तपासणी लिहिली तर तेवढीच करा आणि त्याआधी दोन लॅबचे दर विचारा. उरलेले 9,000 बँकेत राहू द्या. हप्त्याच्या तर वाटेलाच जाऊ नका.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण रुग्णालयात दाखल झाल्यावर. चेकअपचा खर्च त्यात धरू नका. रेशन कार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का, ते मात्र आत्ताच बघा. माणूस ऍडमिट असताना नाव दुरुस्त करायला धावणं म्हणजे काय, ते दिरांच्या वेळी पाहिलंच असेल. शिवाय धर्मादाय रुग्णालयांत गरीब आणि दुर्बल घटकांसाठी 10-10 टक्के खाटा राखीव असतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तोही काढून ठेवा.

पुढे खासगी आरोग्य विमा घेतलात तर तपासणीत निघालेलं फॉर्मवर लिहा. 'लपवा, काही होत नाही' म्हणणारा एजंट क्लेमच्या वेळी फोन उचलत नाही.

राहिल्या सासूबाई. सत्तरीपुढच्या कुणालाही, उत्पन्न न बघता, आधारवर आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. तेही 5 लाखांचं. त्यांना त्याच सकाळी सोबत न्या, बीपी बघून होईल आणि कार्ड कुठे काढायचं तेही विचारता येईल. रिक्षा घरचीच आहे.