सॉलिसिटर आपला की बँकेचा?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला कळला तो असा: इंग्लंडमध्ये रेडिंगला ३,२०,००० पौंडांचं पहिलं घर घेताय, मॉर्गेजची (घरकर्जाची) ऑफर हातात आहे आणि डिपॉझिटसाठी बाबा पुण्याहून एफडी मोडून ३०,००० पौंड पाठवणार आहेत. घरखरेदीचं कायदेशीर काम बघणाऱ्या वकिलीण, म्हणजे सॉलिसिटर बाईंनी त्या एफडीच्या पावत्या आणि बाबांची बँक स्टेटमेंट्स मागितली. वर हेही सांगितलं, की बाबांच्या पैशांबद्दल त्या बँकेला कळवणार. "फी आम्ही भरतोय, मग या बाई नेमक्या कुणाच्या?" असं तुम्ही विचारलंय.

त्या दोघांच्या आहेत, तुमच्याही आणि बँकेच्याही. इंग्लंड आणि वेल्समध्ये साध्या घरखरेदीत बहुतेक बँका तुमच्याच सॉलिसिटरला आपलंही काम देतात. म्हणून तर घर बघतानाच "तुम्ही अमुक बँकेच्या पॅनेलवर, म्हणजे तिच्या मान्य वकिलांच्या यादीत, आहात का?" हे विचारून घ्यायचं असतं. पॅनेलवर नसले तर बँक स्वतःचा वेगळा सॉलिसिटर नेमते, त्याचा खर्च सहसा आपल्यावरच पडतो आणि वेळ जातो तो निराळाच. बँकेच्या बाजूनं काय काय करायचं ते यूके फायनान्स या बँकांच्या संघटनेच्या मॉर्गेज लेंडर्स हँडबुकात लिहिलेलं आहे. पहिला भाग सगळ्यांना सारखा, दुसऱ्या भागात प्रत्येक बँकेच्या आपापल्या अटी. ते इंटरनेटवर कुणालाही वाचता येतं. तुमच्या बँकेची पानं अर्धा तास काढून वाचाच, बाईंचे निम्मे प्रश्न कुठून येतात ते उमगेल.

मला हे फार उशिरा उमगलं. आमच्या घराच्या सर्व्हेत छताचं काम निघालं आणि विकणारे ६,००० पौंड कमी करायला तयार झाले. मी आनंदानं सॉलिसिटरला फोन केला. त्या म्हणाल्या, "छान झालं, पण आता हे बँकेला कळवावं लागेल. नवी ऑफर येईपर्यंत थांबू." अकरा दिवस गेले. आमच्या व्यवहारावर अवलंबून असलेल्या पुढच्या घरांच्या व्यवहारांची साखळी अडकली, एजंट रोज फोन करून डोकं खायचा, आणि मी तो सगळा राग सॉलिसिटरवर काढला. चूक माझी होती. बँक किमतीच्या ठरावीक टक्क्यांपर्यंत कर्ज देते. किंमत खाली आली की तिचा हिशेबच बदलतो, आणि ते तिच्यापासून लपवून सही करणं सॉलिसिटरला शक्यच नसतं.

सही म्हणजे कसली, तर सर्टिफिकेट ऑफ टायटलवरची. घराची मालकी स्वच्छ आहे, सर्चेसमध्ये (सरकारी नोंदींच्या तपासणीत) अडचण नाही, तारण नीट नोंदवता येईल आणि किंमत व पैशांचा तपशील बँकेला माहीत आहे तसाच आहे, अशी ती बँकेला दिलेली लेखी हमी असते. तिच्याच भरवशावर बँक लाखो पौंड सॉलिसिटरच्या क्लायंट अकाउंटला, म्हणजे ग्राहकांचे पैसे ठेवायच्या वेगळ्या खात्याला, पाठवते. कम्प्लिशन होईपर्यंत, म्हणजे व्यवहार पुरा होऊन घर ताब्यात येईपर्यंत, ते पैसे तुमचेही नसतात आणि सॉलिसिटरचेही नसतात. बँकेनं विश्वासानं सोपवलेले ते पैसे असतात. एआयबी बँकेचा खटला २०१४ साली ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. ३३ लाख पौंडांचं कर्ज, आधीच्या बँकेचं देणं दोन खात्यांवर. सॉलिसिटरकडून त्यातल्या एकाच खात्याचे पैसे फिटले, सुमारे तीन लाख पौंड राहून गेले आणि नव्या बँकेला पहिल्या क्रमांकाचं तारण मिळालंच नाही. भरपाई किती द्यायची यावर वर्षानुवर्षं वाद चालला. एक आकडा तपासायचा राहिला तर काय होतं ते यावरून दिसतं. म्हणून बाई चिकित्सा करतात तर करू द्या.

आता बाबांचे पैसे. इथे दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि आपली माणसं त्या नेहमी एकत्र करतात.

पैसे आले कुठून, हा पहिला प्रश्न. तो बँकेसाठी नाही, मनी लाँडरिंगच्या २०१७ च्या नियमांसाठी आहे. बाबांच्या खात्यात पैसे आहेत एवढं दाखवून भागत नाही, ते तिथे कसे जमले तेही दाखवावं लागतं. एफडी मोडल्याची पावती, ती रक्कम खात्यात जमा झाल्याची नोंद, मग परदेशी पाठवल्याची बँकेची पावती अशी सलग साखळी द्या. कागद मराठीत असेल तर भाषांतर करून जोडा. भारतात राहणाऱ्याला एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्यामुळे तुमच्या रकमेला मर्यादेची अडचण नाही. फक्त कारण 'भेट' असंच लिहायला सांगा, म्हणजे पुढच्या कागदांशी ते जुळेल. आणि काकांकडून थोडे, मित्राकडून थोडे असे तुकडे करू नका. प्रत्येक तुकड्यासाठी हीच साखळी पुन्हा लागते.

हे पैसे भेट आहेत की उसने, हा दुसरा प्रश्न, आणि हा बँकेचा आहे. बाबांना एक पत्र द्यावं लागेल: ही भेट आहे, परत मागणार नाही, घरात माझा हक्क नाही. मला इथे सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण आपल्याकडे "घरातलेच पैसे, जमेल तसे दे" असं सहज म्हटलं जातं. खरोखर परत द्यायचे ठरले असतील तर ते कर्ज आहे आणि ते बँकेला सांगायलाच हवं. पत्रावर भेट लिहून मनात परतफेड ठेवणं म्हणजे बँकेला खोटं सांगणं. तुम्ही सॉलिसिटरला खासगीत सांगितलंत की "तसे परत द्यायचेत, पण कळवू नका", तर त्या मोठ्या पेचात सापडतील. तुमची गोपनीयता त्यांना मोडता येत नाही आणि बँकेपासून लपवताही येत नाही. मग बँकेचं काम सोडून कागद परत पाठवण्यावाचून त्यांना गत्यंतर राहत नाही, आणि तुमची खरेदी तिथेच अडते. त्यापेक्षा आज रात्री बाबांशी स्पष्ट बोला. आईबाबा पुढे तुमच्याकडे कायमचे राहायला येणार असतील तर तेही सांगा. सज्ञान माणूस घरात राहणार असला की बँका त्याची संमती लिहून घेतात, आणि ती सही करण्याआधी त्यांनी दुसऱ्या वकिलाचा सल्ला घेतलेला बरा. तुमच्या बाईंना त्यात त्यांची बाजू घेता येणार नाही.

सॉलिसिटर काय करत नाहीत तेही लक्षात असू द्या. त्या घर बघायला जात नाहीत. भिंतीत ओल आहे का, किंमत रास्त आहे का, हे मॉर्गेज तुम्हाला परवडेल का, यातलं काहीच त्यांच्याकडे येत नाही. बँकेचं व्हॅल्युएशन बँकेसाठी असतं, स्वतःचा सर्व्हे स्वतः करून घ्या. एक्स्चेंजला, म्हणजे दोन्ही बाजूंचे करार बांधील होतात त्या दिवशी, साधारण १० टक्के डिपॉझिट अडकतं आणि मग मागे फिरता येत नाही, म्हणून त्या दिवशी ऑफर किती तारखेपर्यंत चालते ते बघा आणि इमारतीचा विमा त्याच दिवसापासून चालू ठेवा. मधल्या काळात नोकरी बदलली तर लगेच कळवा. सॉलिसिटरच्या नावानं "आमचा बँक खाते क्रमांक बदलला" अशी ईमेल आली तर पहिल्या दिवशी मिळालेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय एक पेनीही पाठवू नका. या एका ईमेलपायी लोकांची आयुष्यभराची बचत गेली आहे.

कम्प्लिशननंतर १४ दिवसांत स्टॅम्प ड्यूटीचा अर्ज आणि भरणा, मग लँड रजिस्ट्रीत तुमचं नाव आणि बँकेचं तारण, हे त्या करतील. पण तो अर्ज तुम्ही दिलेल्या माहितीवर भरला जातो आणि जबाबदारी तुमचीच राहते. हे मुद्दाम लिहितोय, कारण तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय की ठाण्यातला जुना फ्लॅट आईबरोबर जॉइंट नावावर आहे. स्टॅम्प ड्यूटीच्या सवलतीसाठी पहिलं घर म्हणजे जगात कुठेही आधी घर नसणं. तुमचा त्यातला हिस्सा ४०,००० पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचा असेल तर नव्या घराच्या किमतीवर ५ टक्के अधिभारही लागतो. १ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी ३,२०,००० च्या घरावर पहिल्या घराच्या सवलतीनं १,००० पौंड होतात, सवलत जाऊन अधिभार लागला तर २२,०००. हिस्सा वारशानं आला असेल, अर्ध्यापेक्षा जास्त नसेल आणि तीन वर्षांच्या आतला असेल तर अधिभार टळू शकतो, सवलत मात्र तरीही जाते. पतीपत्नींपैकी एकाच्याच नावावर फ्लॅट असला तरी अधिभाराचा हाच नियम लागू होतो. हे बाईंना अजून सांगितलं नसेल तर उद्या सकाळी पहिली ईमेल त्याचीच करा, फ्लॅटचा करार आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट जोडून.