संमोहन शिकताय? आधी नाही म्हणायला शिका

सुरुवात करण्याआधी समोरच्याला स्पष्ट विचारा: भास होतात का, कोणी पाळतीवर आहे असं वाटतं का, मानसोपचाराच्या गोळ्या चालू आहेत का, फिट येते का? स्किझोफ्रेनिया किंवा तीव्र उन्माद होऊन गेला असेल तर शिकाऊ माणसाने हात घालूच नये. संमोहनात दिलेल्या सूचनांमुळे भ्रम आणखी पक्का होऊ शकतो. दारू प्यायलेल्यालाही नको. आणि निदान झाल्याशिवाय दुखणं घालवायची सूचना देऊ नका. अपेंडिक्सची पोटदुखी दबली, तर माणूस दवाखान्यात उशिरा पोचतो.

सगळ्यात फसवं काम म्हणजे ‘हरवलेल्या आठवणी’ शोधणं. ‘तिथे अजून कोण होतं?’ एवढ्या प्रश्नानेही मन तिथे माणूस उभा करतं, आणि पुढे ती आठवण खरीच वाटते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९८५ मध्येच याबद्दल सावध केलं होतं. पूर्वजन्माचे प्रयोग याच कारणासाठी टाळा.

मध्येच कोणी रडू लागलं तर हलवू नका, खोदून विचारू नका. शांत आवाजात खोलीतल्या वस्तूंकडे लक्ष आणा. संमोहनातून उठवताना ‘हातपाय जड झालेत’ यासकट दिलेली प्रत्येक सूचना मागे घ्या, १ ते ५ सावकाश मोजा, मग १०-१५ मिनिटं बसवून ठेवा. डोळ्यांवर झापड असेल तोवर गाडीची किल्ली हातात देऊ नका.