लघवीच्या टेस्टवर रिजेक्शन कळतं, मग बायोप्सी कशाला?

प्रश्न: माझ्या मिस्टरांचं किडनी ट्रान्सप्लान्ट मागच्या वर्षी नाशिकलाच झालं, किडनी सासूबाईंनी दिली. क्रिएटिनिन कायम १.२ च्या आसपास असायचं, या वेळी १.६ आलं आणि डॉक्टर म्हणतात बायोप्सी करावी लागेल. भाच्याने मोबाईलवर वाचून सांगितलं की आता लघवीवरूनच रिजेक्शन कळतं, सुईची गरज नाही. मग तीच टेस्ट करू का? सासूबाईंनी तर जेवणच कमी केलंय, माझीच किडनी खराब निघाली म्हणतात. आणि घरची बाग आहे, द्राक्षं यांना दिली तर चालतील का?
– एक वाचक, निफाड

उत्तर: ताई, आधी सरळ सांगते, बायोप्सी, म्हणजे सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं, लांबवू नका. भाच्याने वाचलंय ते खोटं नाहीये, पण तुमच्या मिस्टरांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, आत्ता वाढलंय आणि आत्ता जे ठरवायचंय ते त्या टेस्टवर ठरत नाही.

का ते सांगते. रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवी किडनी परकी समजून नाकारणं, सुरू होतं तेव्हा शरीरातल्या प्रतिकारशक्तीच्या टी पेशी नव्या किडनीत शिरतात आणि इंटरफेरॉन गॅमा नावाचा पदार्थ सोडतात, त्याच्यामुळे किडनीतून सीएक्ससीएल-९ आणि सीएक्ससीएल-१० अशी दोन प्रथिनं तयार होतात, ही प्रथिनं आणखी टी पेशींना तिकडे बोलावून घेतात, आणि त्यातली काही लघवीत उतरतात. तीच मोजायची. क्रिएटिनिन वाढतं ते किडनीचं काम बिघडल्यावर, म्हणजे उशिरा, आणि ही प्रथिनं कधीकधी त्याच्या आधीच वाढलेली दिसतात. अमेरिकेत ४८५ पेशंटच्या लघवीचे ४,३०० नमुने तपासून २०१३ साली एक मोठा अभ्यास छापून आला होता, त्यात प्रथिनांऐवजी लघवीतल्या पेशींमधला एमआरएनए, म्हणजे प्रथिनं बनवायचा पेशीतला निरोप, मोजला होता, आणि ज्यांच्या बायोप्सीत पुढे रिजेक्शन निघालं त्यांच्यात तो आकडा बायोप्सीच्या काही आठवडे आधीपासून चढत गेलेला होता. मला स्वतःला हे फार आशेचं वाटतं. पेशंटला सारखी सुई टोचायला कुठल्या डॉक्टरला आवडतं?

पण अडचण इथे आहे. ट्रान्सप्लान्टनंतर बीके नावाचा एक व्हायरस असतो, तो किडनीत वाढला तरी हीच प्रथिनं लघवीत वाढतात, साध्या युरीन इन्फेक्शननेही वाढू शकतात. आणि उपचार बघा, रिजेक्शन असेल तर प्रतिकारशक्ती दाबायची औषधं वाढवायची, स्टेरॉइडची इंजेक्शनं द्यायची, बीके असेल तर तीच औषधं कमी करायची. एकदम उलटं! लघवीचा आकडा वाढलेला बघून अंदाजाने स्टेरॉइड दिलं आणि आत व्हायरस निघाला तर किडनी हातची जाऊ शकते. शिवाय रिजेक्शन टी पेशींमुळे आहे की अँटिबॉडीमुळे, किती आहे, जुने व्रण किती, हे सगळं किडनीचा तुकडा मायक्रोस्कोपखाली बघूनच नीट कळतं. लघवीच्या टेस्टचा खरा उपयोग उलट्या बाजूने आहे, आकडा कमी आला तर रिजेक्शनची शक्यता कमी, म्हणजे तब्येत ठीक असलेल्या पेशंटची उगाच होणारी बायोप्सी वाचू शकते. स्वित्झर्लंडमध्ये पेशंटचे दोन गट करून बघितलं, एका गटात सीएक्ससीएल-१० बघून लवकर बायोप्सी आणि उपचार, दुसऱ्यात नेहमीसारखं, तर वर्षअखेरीला दोन्ही गट सारखेच निघाले. म्हणून आपल्याकडे रोजच्या तपासण्यांत ही टेस्ट अजून नाहीये.

आता सुईची भीती. बसवलेली किडनी ओटीपोटात, कातडीपासून जवळ असते, त्यामुळे सोनोग्राफीत बघत, जागा बधिर करून तिथवर पोचणं स्वतःच्या किडनीपेक्षा सोपं जातं. नंतर काही तास उताणं पडून राहायचं, लघवी एखादा दिवस लालसर होऊ शकते, मोठा रक्तस्राव क्वचित होतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मात्र आधीच सांगा, हे विसरू नका.

बायोप्सीच्या आधी डॉक्टरांना टॅक्रोलिमसची (प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळीची) रक्तातली लेव्हल, लघवीतलं प्रोटीन, युरीन कल्चर, बीके व्हायरस शोधायची पीसीआर तपासणी आणि किडनीची सोनोग्राफी यातलं काय झालंय ते विचारा, कारण टॅक्रोलिमस जास्त झालं किंवा जुलाबाने पाणी कमी झालं तरी क्रिएटिनिन वाढतं, आणि हे लगेच सुधारता येतं. लेव्हलचं एक फार महत्त्वाचं. निफाड, सिन्नर, चांदवडहून पहाटेच्या गाडीने निघणारे पेशंट सवयीने घरीच गोळी घेऊन निघतात आणि मग लॅबमध्ये रक्त देतात, त्यामुळे लेव्हल खोटी वाढलेली येते आणि डोस उगाच कमी केला जातो, त्यातून खरंच रिजेक्शन होऊ शकतं. रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त द्यायचं, सकाळची गोळी बरोबर घेऊन जायची आणि रक्त दिल्यावर तिथेच घ्यायची.

सासूबाईंना माझ्याकडून सांगा, आई, तुमची किडनी खराब निघालेली नाही. रिजेक्शन झालंच असेल तर मुलाचं शरीर तिला परकी समजतंय एवढंच, सख्ख्या आईची असली तरी हे होतं आणि वेळेत सापडलं तर बहुतेक वेळा औषधांनी आटोक्यात येतं. आणि त्यांनी पोटभर जेवायलाच हवं, एका किडनीवर आहेत त्या, दर वर्षी त्यांचंही क्रिएटिनिन, बीपी, लघवीतलं प्रोटीन बघून घ्या.

द्राक्षं चालतील, वाहत्या पाण्याखाली चांगली धुवून, मूठभर. शुगर किंवा पोटॅशियम वाढलेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. पपनस आणि ग्रेपफ्रूट मात्र अजिबात नको, त्याने टॅक्रोलिमसची लेव्हल चढते.